ओल्या लाकडाचा धूर

थांबा, फोटो काढून लगेच पुढे जाऊ नका. जरा हात लावून बघा. मी गार आहे, पण मेलेली नाही. मी जर्मनीतल्या लाउटनब्रोनची गावभट्टी. खालच्या वेशीला लागून हे काळवंडलेलं दगडी खोपटं दिसतंय ना, त्याच्या पोटात मी बसले आहे. माझं तोंड दाराकडे आणि दार वेशीकडे. त्यामुळे या गावात जो जो आला तो मला दिसला. कुणी बैलगाडीतून आला, कुणी घोड्यावरून, कुणी रणगाड्यातून.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. पोटात आग असली की मी बोलतेच, आणि नसली की आतल्या आत धुमसते.

माझा जन्म आगीतूनच झाला. पूर्वी इथे घरोघरी भट्ट्या होत्या. एकीची ठिणगी गवती छपरावर पडली आणि अर्धं गाव जळालं. मग इथल्या सरदाराने हुकूम सोडला, की यापुढे घरात कुणी पाव भाजायचा नाही, सगळ्यांनी मिळून वेशीजवळ एक भट्टी बांधायची. नदीकाठचा तांबडा दगड आला, विटांची जमीन झाली, वर घुमट चढला. पहिला पाव बाहेर आला तेव्हा बायकांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला होता. तो हात अजून आठवतो.

कौतुकाचे दिवस थोडेच टिकले. तीस वर्षं चाललेलं ते युद्ध आलं. आज स्वीडनचे सैनिक, उद्या बादशहाचे. एकमेकांचे गळे कापणारे हे लोक वेशीतून आत शिरल्यावर पहिला प्रश्न मात्र एकच विचारायचे, "भट्टी कुठाय?" त्यांनी धान्य नेलं. मग गावाने ओकच्या फळांचं पीठ करून आणलं, त्यात लाकडाचा भुसा मिसळला. मी तोही पाव भाजला. तो खाऊन पोरं पोट धरून रडायची, आणि आया म्हणायच्या, "रडतोय म्हणजे जिवंत आहे."

पुढे फ्रान्सच्या राजाचं सैन्य आलं. त्यांनी चर्च जाळलं, घरं जाळली, मला तेवढं सोडलं. त्यांना सकाळी पाव हवा होता. आणखी शंभर वर्षांनी फ्रान्सचाच एक सम्राट आला आणि इथली तरणी मुलं रशियाच्या मोहिमेवर घेऊन गेला. त्यांच्यासाठी दोनदा भाजलेला, दगडासारखा कडक पाव मीच करून दिला. तो टिकला असेल. मुलं नाही टिकली. मग पहिलं महायुद्ध आलं, आणि कणकेत सलगमाचा कीस दिसायला लागला.

युद्धांना नावं असतात, झेंडे असतात, शाळेत त्यांची वर्षं पाठ करून घेतात. मला पिठातला फरक तेवढा कळतो.

पण मला आज या कुठल्याच युद्धाबद्दल बोलायचं नाही. ती बोलायला सोपी आहेत. दर उन्हाळ्यात हे गाव स्वीडिश सैनिकांचे कपडे घालून मिरवणूक काढतं, बिअर पितं, खोट्या तलवारी फिरवतं. मेलेल्यांना चारशे वर्षं झाली की त्यांची जत्रा करता येते. मला सांगायचंय ते एका सकाळचं. त्या सकाळची जत्रा कुणी करत नाही.

त्याआधी आमची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. थंड भट्टी लाकूड फार खाते. जो पहिला येतो त्याचा भारा जळून जातो, मागून येणाऱ्यांना काटक्यांवर भागतं. म्हणून पहिली पाळी कुणालाच नको असते. त्यासाठी प्रत्येक घराचा एक लाकडी बिल्ला, त्यावर घराची खूण, आणि सगळे बिल्ले एका चामडी पिशवीत. ज्याचा बिल्ला आधी निघेल त्याने पहिली पाळी घ्यायची. त्यावर तक्रार चालत नाही, आणि ज्याची पाळी निघाली त्याला कुणी अडवायचंही नाही. या पिशवीचा मालक म्हणजे भट्टीराखा. त्या वेळी गोटलोब भट्टीराखा होता. सत्तरीला टेकलेला, नियमाला चिकट, आणि तोंडाने असा फटकळ की पाद्रीबाबासुद्धा वळसा घालून जायचे.

एकोणीसशे पंचेचाळीसचा एप्रिल होता. अमेरिकन फौज डोंगरापलीकडे आली होती. गावात जर्मन सैन्याचा एक कप्तान आणि त्याचे मूठभर सैनिक ठाण मांडून बसले होते. त्याने जंगलातून ओले सूचीपर्णी ओंडके तोडून आणवले आणि खालच्या वेशीत रणगाड्यांना अडवायला आडवे रचले. पांढरं फडकं दिसलं तर त्या घरचा माणूस लटकेल, अशी दवंडी दिली. म्हाताऱ्यांच्या दंडाला पट्ट्या बांधून हातात बंदुका दिल्या. त्या सकाळी ओंडक्यांवर पहारा होता गोटलोबचा.

तो मंगळवार होता, म्हणजे भाजणीचा दिवस. बायका कणकेच्या टोपल्या घेऊन माझ्यापाशी जमल्या होत्या, इतक्यात दूधवाली लुइझे सायकल भिंतीवर आपटून आत आली.

"पलीकडच्या गावात वेस बंद होती," ती धापा टाकत म्हणाली. "आता ना वेस आहे ना गाव. आणि त्याच्या शेजारी, जिथे वेस उघडी ठेवली, तिथून रणगाडे सरळ निघून गेले. एक कौल फुटलं नाही."

"मग आपले ओंडके काढा ना," कुणीतरी म्हणालं.

"काढा म्हणजे? कोण काढणार?"

"तुझा नवरा काढेल."

"माझा नवरा? तो सकाळपासून तळघरात बटाटे मोजतोय!"

बायका हसल्या, आणि मग कुणीच हसेना. ओंडके काढायलाच हवेत हे प्रत्येकीला कळत होतं. पहिला ओंडका कुणालाच नको होता. मी गार पडून ऐकत होते, आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता. अगं, बोलत काय बसलात!

कोपऱ्यातून डोरोटे आजी म्हणाली, "भांडता कशाला गं? पिशवी खुंटीलाच आहे. पाळी काढा."

तिने स्वतःच हात घातला. बिल्ला निघाला, त्यावर फावड्याची खूण. गोटलोबच्या घराची.

सगळ्यांनी रोझिनेकडे पाहिलं. रोझिने गोटलोबची सून. तिचा नवरा रशियात बेपत्ता होता. त्या घरात आता सून आणि सासरा, दोघंच एकमेकांना राहिली होती.

"पुन्हा काढू या," लुइझे म्हणाली. "तिथे पहाऱ्यावर तिचेच सासरे उभे आहेत."

"पुन्हा काढायची रीत नाही," रोझिने म्हणाली. "मामंजींना कळलं तर घरात घेणार नाहीत." तिने पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि ती निघाली. मागून बाकीच्याही.

वेशीत गोटलोबने बंदूक आडवी धरली. "मागे फिर, पोरी. हुकूम आहे."

"मामंजी, बाजूला व्हा. पहिली पाळी आपली आहे."

"कसली पाळी?"

तिने बिल्ला पुढे केला. म्हाताऱ्याने तो डोळ्यांजवळ नेला, उलटा करून पाहिला. "कुणी काढला?"

"डोरोटे आजींनी."

"तू नाही ना काढलास?"

"नाही."

डोंगरामागे तोफ वाजली. मग त्याने बंदूक भिंतीला टेकवली. "निघाली ती निघाली. पण हे लाकूड ओलं आहे. असंच कोंबशील तर गावभर धूर होईल. आधी फोडून घे."

फोडायला वेळ कुठला! बायकांनी ओंडके उचलले, ओढले, लोटले. लहान होते ते माझ्या पोटात कोंबून पेटवले, मोठे उतारावरून नदीत सोडले. मी तीनशे वर्षांत असली आग गिळली नव्हती. ओलं लाकूड फुसफुसलं, रडलं, आणि माझ्या धुराड्यातून काळा लोट वर गेला.

तो लोट कप्तानाने पाहिला.

तो सैनिकांसह धावत आला तेव्हा वेस मोकळी होती. "पहारा कुणाचा?"

"माझा," गोटलोब म्हणाला.

"ओंडके कुणाच्या हुकमाने काढले?"

"हुकूम नाही. पाळी होती."

"कसली पाळी?"

"ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही इथले नाही."

रोझिने पुढे आली. "मी काढले. पहिला ओंडका मी ओढला."

आणि तेव्हा गोटलोब आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर खोटं बोलला. "हिचं ऐकू नका, कप्तानसाहेब. माझी सून आहे. नवरा गेल्यापासून हिचं डोकं ठिकाणावर नाही. गावात कुणालाही विचारा."

कप्तानाने बायकांकडे पाहिलं. "खरं आहे?"

बायका कणकेच्या टोपल्यांकडे बघत राहिल्या. मग एकीने मान हलवली. हो. मग दुसरीने. रोझिने ओरडत होती, "खोटं आहे! मामंजी, खोटं का सांगता?" ती जितकी ओरडली तितकं ते खरं वाटत गेलं.

दोर घेऊन वेशीबाहेरच्या लिंडनच्या झाडाकडे गोटलोबला नेलं. माझं तोंड तिकडेच आहे. मला डोळे मिटता येत नाहीत.

कप्तान लगेच पळाला. दुपारी रणगाडे त्याच वेशीतून आले आणि निघून गेले. एक कौल फुटलं नाही. मग खिडक्याखिडक्यांतून पांढऱ्या चादरी लटकल्या, तळघरांतून नवरे वर आले. टोपल्यांतली कणीक तोवर फुगून बाहेर सांडली होती आणि खाली बसली होती. रोझिनेने एकटीने निखारे ओढले आणि ते पाव भाजले. चपटे, आंबट, धुराचा वास असलेले. गोटलोबला पुरल्यावर गावाने तेच खाल्ले, मान खाली घालून.

नंतर वेशीवर दगड बसवला: देवाच्या कृपेने हे गाव वाचलं. देवाच्या! गोटलोबचं नाव त्यावर नाही. नाव लिहिलं असतं तर बाकीचे कुठे होते तेही लिहावं लागलं असतं.

म्हणून रोझिने दर एप्रिलला यायची. बिल्ला न काढता पहिली पाळी घ्यायची आणि मुद्दाम ओलं लाकूड पेटवायची. काळा धूर गल्ल्यांत उतरायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना लागायचा, लोक खोकायचे. धडाधड खिडक्या बंद व्हायच्या. आणि आतून तेच वाक्य यायचं: "त्या बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही."

एका म्हाताऱ्याने तिचा जीव वाचवायला जे खोटं उच्चारलं, ते या गावाने उचलून स्वतःला झाकायला वापरलं. चाळीस वर्षं वापरलं. ती ते ऐकायची, माझ्या तोंडात आणखी एक ओली फांदी सारायची आणि म्हणायची, "जळ गं, तू तरी जळ."

ती गेली. त्यानंतर पालिकेने नियम केला, ओलं लाकूड जाळायचं नाही, हवा बिघडते. आता मला वर्षातून एकदा, मिरवणुकीच्या दिवशी, कोरड्या सुबक लाकडाने पेटवतात. पाहुण्यांना गरम पाव मिळतो, स्वीडिश सैनिकांची गोष्ट मिळते. धूर अजिबात होत नाही.

मला चैन पडत नाही. बातम्या ऐकत पाहुणे इथून जातात, कुठेतरी पुन्हा वेशी बंद होताहेत, पुन्हा कुणीतरी टोपलीकडे बघत उभं आहे. आणि मी इथे स्वच्छ, झाडून पुसून बसले आहे.

मी तिच्या शेजारी होते. मी सगळं पाहिलं. तिचं डोकं ठिकाणावर होतं. त्या सकाळी या गावात कुणाचं डोकं ठिकाणावर असेल, तर त्या दोघांचंच.

आत्ता एप्रिल चालू आहे. जंगल फार लांब नाही. एखादी ओली फांदी आणा, नियम मोडा, मला पेटवा. लोक खिडक्या लावून घेतील, लावू द्या. खोकताना तरी त्यांना विचारावं लागेल, आज एवढा धूर कशाचा.