खांबावरचा कॅमेरा माझ्याशी बोलतो

हे तुम्ही कुणी खरं मानणार नाही, पण कर्जतला वळायच्या फाट्यावर गाड्यांचे नंबर वाचणारा जो कॅमेरा बसवलाय ना, तो माझ्याशी बोलतो. फक्त माझ्याशी. पोलिसांशीसुद्धा नाही.

फाट्यावरच्या झोहराच्या टपरीत मी हे काढलं, तेव्हा ती गाळणीतला चोथा झटकत म्हणाली, "बोल दशरथदादा. आता गिऱ्हाईक नाय. ऐकते."

त्याचं असं झालं. माझा मनोज मुंबईला, त्याची सासुरवाडी पुण्याला, जाता-येता हाच फाटा लागतो. फोनवर म्हणतो, "बाबा, तुमच्या बाजूला येणंच होत नाही." म्हटलं, खात्री तरी करू. कॅमेरा येणारी-जाणारी प्रत्येक नंबरप्लेट वाचतो, मग मनोजची वाचलीच असणार. गेलो त्या कॅमेऱ्याच्या कचेरीत. तिथं नम्रता नावाची पोरगी पडद्यासमोर बसलेली.

"काका, असं सांगता येत नाही. चोरीची गाडी, अपघात, असं काही असलं तर पोलीस लेखी मागतात. तेव्हाच देतो."

"अगं, मी बाप हाय त्याचा."

"असाल. पण तो कुठं जातो-येतो ही त्याची खासगी बाब आहे. कोर्टानंच तो हक्क मानलाय."

"मग तो हरवलाय असं लिव."

"हरवलाय का?"

तिनं पाणी दिलं.

"मग रं?" झोहरा म्हणाली.

मग काय, मी थेट कॅमेऱ्यालाच गाठलं. पळसदरीहून रोज टमटमनं यायचं नि खांबाला पाठ लावून बसायचं. तोही एकटा, मीही एकटा. हळूहळू त्याची मान माझ्याकडं वळायला लागली. ट्रक बिनवाचलेच निघून जायचे. एकदा म्हणाला, "दशरथ, उन्हात नको बसू, माझ्या सावलीत ये." खांबाची सावली ती केवढी, तरी सरकलो.

दसऱ्याला त्यानं वरूनच हाक मारली, "तुझा मनोज आला बघ." पांढरी गाडी. पुढं आपलं दसऱ्याचं ‘नवं’, म्हणजे नव्या भाताची जुडी बांधलेली, भाताच्या लोंब्या, कुरडूची फुलं, आंब्याची पानं. त्याची आई बांधायची तसंच भरगच्च, पार नंबरप्लेट झाकून गेलेली. वळणावर गाडी थांबली. काच खाली करून मनोज घराच्या रस्त्याकडं बघत राहिला. कामाची घाई, म्हणून गेला. मी झोहराला म्हटलं, "तुजी टपरी त्या दिवशी बंद होती गं, नायतर तूपण बघितलं असतंस."

झोहरानं गॅस बारीक केला.

"प्लेट झाकलेली, तर कॅमेऱ्यानं नंबर वाचला कसा?"

"त्याची नजर लई..."

"त्याची नाय, तुजी. ते नवं तू वळखलंस. टपरी उघडी होती दादा. तू रस्त्याच्या कडेला हात वर करून उभा होतास, नि गाडी थांबली नाय."