यमुताईंच्या दाराशी

रविवारची उपासना संपली, तरी नागपूरच्या सक्करदऱ्यातल्या त्या छोट्या चर्चमधून कोणी उठलं नाही. महिला संगतीची, म्हणजे चर्चमधल्या बायकांच्या मंडळाची, अध्यक्ष कोण व्हावी, प्रेमिला की शामला, यावरून कित्येक दिवस भांडण धुमसत होतं. आज सोक्षमोक्ष लागायचा होता. प्रेमिला पुढच्याच बाकावर बसली होती. शामलानं तिच्याविरुद्ध पाळकांच्या बायकोचे कान भरले होते, आणि त्याला काय उत्तर द्यायचं तेच प्रेमिलाच्या डोक्यात घोळत होतं. प्रार्थनेला डोळे मिटले तरी ओठांवर भांडणाचेच शब्द येत होते.

डोळे उघडले तेव्हा भिंतीकडची खुर्ची तिला रिकामी दिसली. यमुताईंची. म्हाताऱ्या, एकट्या राहणाऱ्या, कानानं बहिऱ्या यमुताई. त्यांना घरून घेऊन यायचं काम प्रेमिला आणि शामला आळीपाळीनं करत. मागच्या रविवारीही ती खुर्ची रिकामीच होती, हे तिला आत्ता आठवलं.

"प्रेमिलाताई, आता तुम्ही बोला," पाळक म्हणाले.

ती उठली आणि सरळ दाराकडे निघाली.

"पळून राहिली का वं?" शामला मागून म्हणाली. कोणीतरी हसलं.

यमुताईंचं घर मागच्याच गल्लीत होतं. लाईट गेली होती. मे महिन्याच्या उन्हात सगळ्यांचे कूलर बंद, गल्ली चिडीचूप. प्रेमिलानं दार ढकललं आणि ती जागीच थबकली. गॅसचा वास. घशात जाऊन बसेल इतका.

खिडक्या बंद होत्या. समोर स्वयंपाकघरात यमुताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, आणि त्या काडेपेटी उघडत होत्या.

"ताई! काडी ओढू नका!"

त्यांना ऐकूच गेलं नाही.

पळ, पळ, एवढंच प्रेमिलाचं अंग सांगत होतं. लाईट कोणत्याही क्षणी आली असती, फ्रिज सुरू झाला असता, एक ठिणगी पुरली असती. पर्समध्ये फोन थरथरला तशी तिनं पर्सच बाहेर भिरकावली. "प्रभू, माझ्यासंगं चल," एवढंच तिच्या तोंडून निघालं, आणि ती आत शिरली.

तिनं मागून हात धरताच यमुताई दचकल्या, झटापट करू लागल्या.

"कोन आहे वं? सोड मले!"

काडी पेटीला टेकलेली होती. प्रेमिलानं काडेपेटी हिसकावून घेतली, रेग्युलेटर बंद केला आणि यमुताईंना जवळजवळ ओढतच अंगणात आणलं. मग श्वास रोखून पुन्हा आत गेली आणि खिडक्या उघडल्या. बाहेर येऊन ती पायरीवर बसली.

"मले आता वास येत नाही वं," प्रेमिलानं खुणांनी सगळं सांगितल्यावर यमुताई म्हणाल्या. "मागच्या रविवारीही तयार होऊन बसली होती. काहून नाही आल्या तुम्ही?"

मागची पाळी प्रेमिलाची होती. आजची शामलाची.

तिनं पर्स उचलली, फोन काढला. महिला संगतीच्या ग्रुपवर तिच्या पळून जाण्याची चर्चा रंगली होती. 'आज यमुताईंना आणायची पाळी शामलाची होती' एवढं एक वाक्य टाकलं असतं, तर संध्याकाळपर्यंत सगळी मंडळी तिच्या बाजूनं झाली असती. तिनं ते लिहिलंही. मग यमुताईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, लिहिलेलं पुसलं आणि फोन लावला.

"शामला, यमुताईच्या घरी ये. मले लय भेव वाटून राहिलं."

शामला धापा टाकत आली. काय झालं ते ऐकून तिचं तोंड पांढरं पडलं. "पाळी माझी होती," ती पुटपुटली.

"मागची माझी होती," प्रेमिला म्हणाली.

अध्यक्ष शेवटी संगतीतली तिसरीच कोणी, रितिका, झाली. शामला अजूनही प्रेमिलाशी कामापुरतंच बोलते. पण त्याच आठवड्यात प्रेमिलानं पाळकांना विचारलं, "आपल्या मंडळीत एकटं कोण कोण राहते? मी रोज जात जाईन. प्रभूनं मले यासाठीच ठेवलं आहे, असं वाटते."

आता ती रोज सकाळी घरोघर जाते. भीती मात्र गेलेली नाही. दार वाजवल्यावर आतून आवाज येईपर्यंत तिचा जीव मुठीत असतो. आज एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या रामाजींनी ओ द्यायला फार वेळ लावला. ती दाराला कान लावून उभी राहिली, मनातल्या मनात प्रभूचं नाव घेत.

"आलो, आलो वं," आतून खोकत खोकत आवाज आला.