उजव्या खांद्यावरची पाकळी

सुजित गुरवाने तबकातून तगरीच्या दोन पाकळ्या उचलल्या. देवीच्या उजव्या खांद्यासाठीची पाकळी त्याने तांब्यात पार बुडवली आणि डाव्या खांद्यासाठीच्या पाकळीला नुसतं ओलं बोट लावलं. खांबाजवळ बसलेल्या आनंदीबाईंनी ते पाहिलं. आजवर अनेकदा पाहिलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांनी नजर तिथून काढून घेतली नाही.

"थांब, इतक्यात लावू नको," मार्तंडभाऊ म्हणाले. "आधी गाऱ्हाणं घालू. मागे बसलेल्यांनाही ऐकू जायला हवं."

मार्तंडभाऊ एकोणीस वर्षं गावच्या सहकारी बँकेचे अध्यक्ष होते आणि देवस्थानचेही. चैत्रात बँकेवर निर्बंध आले. खात्यामागे दहा हजारच काढता येणार, तेही सहा महिन्यांतून एकदा. तरी 'बुडाली' हा शब्द भाऊंच्या तोंडून अजून निघाला नव्हता. 'बँक जरा दमलीय,' असं ते म्हणत. घरात कुणी म्हातारं माणूस आजारी असावं तशा आवाजात. आज त्यांनी कपाळभर गंध लावलं होतं. एरवी एक बोट पुरायचं.

सभामंडपात साठेक ठेवीदार जमले होते. पोलिसांकडे द्यायच्या तक्रारीचा कागद ठमाबाईच्या मांडीवर होता. त्यावर अजून एकही सही नव्हती. पहिली सही आनंदीबाईंची हवी, असं सगळ्यांचं म्हणणं. त्यांनी केल्याशिवाय बाकीचे करणार नव्हते, आणि आनंदीबाई देवीच्या शब्दाबाहेर जाणार नाहीत हे भाऊंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आज कौल होता. देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी गळली तर होकार, डावी गळली तर नकार. पाण्याने जड झालेली पाकळी आधी घसरायची.

पाकळ्या आनंदीबाईंच्याच वाडीतल्या होत्या. देवीला फुलं वाहिल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, हा नेम त्यांनी बावीस वर्षं सांभाळला होता. वादळाने वाडी आडवी केली त्याच्या दुसऱ्या दिवशीही पडलेल्या पोफळींवरून चढत-उतरत त्या तगरीपर्यंत पोचल्या होत्या आणि चार फुलं घेऊन देवळात आल्या होत्या.

त्या वादळाच्या भरपाईचे पैसे आणि त्यांचे यजमान, मास्तर, यांच्या मागे राहिलेला फंड मिळून चौदा लाख झाले होते. पोफळीची नवी रोपं लावली होती. ती धरायला सात-आठ वर्षं जातात, तोवर त्या चौदा लाखांवरच निभायचं होतं. "एकाच नावावर ठेवा वहिनी, अर्धा टक्का जास्त देतो," असं भाऊंनी ओटीवर बसून, कोकम सरबत पीत सांगितलं होतं. आता ठेवींच्या विम्यातून एका नावाला पाच लाख मिळणार होते. उरलेल्या नऊ लाखांबद्दल कुणीच काही बोलत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी मुलगा विहंग म्हणाला होता, पैसे काढ. त्या निघाल्याही होत्या. भाऊंनी त्यांना बँकेच्या दारातून वळवून देवळात आणलं. "देवीला विचारा, मग काढा." पैसे बँकेतच ठेवावेत का, असं गाऱ्हाणं भाऊंनीच घातलं. उजवी पाकळी गळली. घरी येऊन त्यांनी विहंगला सांगितलं, देवी ठेव म्हणाली. विहंगने त्यांच्या हातातलं पासबुक घेऊन कपाटात ठेवून दिलं. ते त्यांना अजून टोचत होतं.

मार्तंडभाऊंनी हात जोडले.

"आई, तुझी लेकरं अडचणीत आहेत. एका मोठ्या बँकेशी विलीनीकरणाची बोलणी चालली आहेत. तक्रार झाली तर ती मोडतील. सह्या न करता वर्षभर धीर धरावा अशी तुझी इच्छा असेल, तर उजवा कौल दे."

आवाज छान कातर झाला होता. शेजारी त्यांची बायको, केसरवहिनी, मांडीवर पेढ्यांचा पुडा घेऊन खाली मान घालून बसली होती.

"पेढं?" ठमाबाईने मान लांब केली. "कौल लागला न्हाय आनि पेढं आधीच आनलं?"

केसरवहिनीने पुड्यावर पदर ओढला.

"नैवेद्याचे आहेत ते," भाऊ म्हणाले. "आणि ठमाबाई, तुमचे दीड लाख तर विम्यातून सगळे मिळतायत. तुम्ही कशाला आलात?"

"तुमचं तोंड बघाया."

मागे कुणीतरी हसलं आणि खोकल्यात लपवलं. आनंदीबाई खांबाला हात टेकून उठल्या.

"भाऊ, एक विनंती आहे. तुमच्या आधी माझा कौल लागू दे. फुलं माझी आहेत."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच इतका हळू, की मागच्यांना पुढे सरकावं लागलं. भाऊंचा चेहरा खुलला.

"अहो, लावा की! तुमच्यासारख्या भाविक बाईला देवी कधी नाही म्हणालीय?"

आनंदीबाईंनी सुजितच्या हातातून दोन्ही पाकळ्या घेतल्या. एकाच वेळी तांब्यात बुडवल्या आणि एकाच वेळी बाहेर काढल्या.

"आता लाव. दोन्ही सारख्याच ओल्या आहेत."

सुजितने देवीकडे न पाहता भाऊंकडे पाहिलं. मग पाकळ्या लावल्या. आनंदीबाईंनी डोळे मिटले नाहीत.

"आई, मार्तंडभाऊंच्या घरच्यांचे पैसे आमच्या पैशांबरोबर बँकेतच अडकले असतील, तर उजवा दे. निर्बंध यायच्या आधीच निघाले असतील, तर डावा दे."

डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

"हे काय वहिनी?" भाऊ हसले. "असलं काही देवीला विचारतात का?"

"माझ्या चौदा लाखांचं विचारलंत की."

"ते वेगळं."

"व्हय," ठमाबाई म्हणाली. "ते दुसऱ्याचं व्हतं."

या वेळी कुणी हसू लपवलं नाही. पाकळ्या मात्र होत्या तिथेच होत्या. एकोणीस वर्षांत मार्तंडभाऊंनी गाभाऱ्याकडे एवढ्या एकाग्रतेने पाहिलं नव्हतं. गंध घामाने ओघळून भुवईत उतरलं. उपरण्याने ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"पंखा बंद कर रे," ते सुजितला म्हणाले. "वाऱ्याने हलतात त्या."

पंखा थांबला. ज्या माणसाने देवीची भीती कधी बाळगली नाही, तो आता तगरीच्या पाकळीला भीत होता. आनंदीबाई ते पाहत राहिल्या. त्यांना राग आला नाही. ताटात केस निघाल्यावर वाटतं, तेवढंच वाटलं.

डावी पाकळी किंचित ढळल्यासारखी दिसली. की नुसता भास झाला, कोण जाणे. तेवढ्यात केसरवहिनी उठली. पेढ्यांचा पुडा तिने गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ठेवला, डोकं टेकलं आणि देवीला सांगावं तसं म्हणाली,

"होळीच्या आधीच काढले. माझ्याही सह्या घेतल्या होत्या."

कुणाकडेही न पाहता ती पायऱ्या उतरून गेली. चपला तिथेच राहिल्या.

"तिला बरं नाही हल्ली," भाऊ घाईने म्हणाले. "हे पाहा, कौल अजून लागलेला नाही. पाकळ्या तिथेच आहेत. कौल लागू द्या. उठू नका कुणी."

आनंदीबाई गाभाऱ्यापाशी गेल्या. "सुजित, काढ त्या."

"काकू, मधेच कशा काढणार?"

"काढ. देवीला असल्या कामाला बसवायचं नाही."

सुजितने दोन्ही पाकळ्या नखाने सोडवून निर्माल्यात टाकल्या. आनंदीबाईंनी ठमाबाईच्या मांडीवरचा कागद उचलला आणि खांबावर धरून सही केली. मास्तर शिकवत तशी, पूर्ण नावाची. त्या सहीने नऊ लाख परत येणार नव्हते, हे त्यांना कळत होतं. तरी पेन पुढे देताना त्यांचा हात हलका झाला होता. ठमाबाईने सही केली. मग एकेक जण उठू लागला, आणि भाऊ ज्याच्या त्याच्या दंडाला धरून काहीतरी समजावू लागले. जो तो दंड सोडवून घेऊन पुढे जात होता.

उंबऱ्यावरच्या पुड्याभोवती मुंग्या जमू लागल्या होत्या. त्याची लाल फीत तशीच होती.

"काकू, ह्या पेढ्यांचं काय करू?" सुजितने विचारलं.

आनंदीबाई रिकामी परडी उचलून निघाल्या होत्या. पायरीवर थांबल्या.

"ज्याचे त्याला परत दे," त्या म्हणाल्या. "सगळे. आजच्या आज."