वाऱ्याची दुरुस्ती

वडील गेल्यावर महिन्याभराने त्यांच्या रेजिमेंटकडून पत्र आलं. स्मारक-दालनात त्यांच्या पदकाशेजारी लावायला आयुष्याविषयी एक पान लिहून हवं होतं. भावाने ते काम धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारलं. ती तराजू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत होती. तिचं लिहिणं कोरडं असलं तरी चुकत नाही, एवढं तो मानायचा.

वडील तोफखान्यात गणित करायचे. लक्ष्य किती दूर, वारा कुठून, यावरून तोफ कुठे रोखायची ते सांगायचं. पदकाची हकिकत घरात सगळ्यांना तोंडपाठ होती: पहिल्याच माऱ्यात शत्रूचा दारूगोळ्याचा साठा उडाला. पाहुण्यांनी फारच खोदून विचारलं तर वडील एवढंच म्हणत, "वारा होता." लोकांना तो विनय वाटे.

त्यांच्या पेटीत गणिताची वही निघाली. आकडे हाती आले की पडताळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. पदकाच्या तारखेचं पान तिने तीनदा सोडवून पाहिलं. वारा डावीकडून होता. त्याची दुरुस्ती म्हणून तोफ थोडी डावीकडे वळवायला हवी होती. वडिलांनी तेवढीच उजवीकडे वळवली होती.

रेजिमेंटसाठीचं पान न्यायला वडिलांचे जुने सोबती, तोफवाले काका, आले. ते त्या दिवशी त्याच तोफेवर होते. तिने वही पुढे सरकवली.

"काका, साठा तिथे आहे हे कुणाला माहीत होतं?"

काकांनी चष्मा न लावताच पान ओळखलं. "कुणालाच नाही. उडवायचा होता मशीनगनचा मोर्चा. तो तसाच राहिला, आणि खालून चढणारी आपली तीन माणसं गेली. तुझ्या बापाने संध्याकाळी स्वतः जाऊन साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, बातमी वर गेलीय, आता तोंड उघडू नकोस."

"काका, चहा घ्या आणि विषय सोडा," भाऊ म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "आणि तू? गेलेल्या माणसाची उत्तरपत्रिका तपासत बसलीस?"

"नुसती बेरीज चुकली असती तर सोडून दिलं असतं, दादा."

"मग आता पदक परत करायचं म्हणतेस?"

"नाही. झालं ते लिहायचं."

"लिही. खाली माझं नाव घालायचं नाही."

"बरं."

तिने काकांना त्या तिघांची नावं विचारली. काकांनी हुद्द्यांसकट सांगितली. एकाच्या आडनावाशी अडखळले, तिला थांब म्हणाले, मग तेही आठवलं. तिने लिहिलं: वाऱ्याची दुरुस्ती उलट बाजूला झाली. मोर्चा शाबूत राहिला. हे तिघे गेले. चूक वडिलांनी त्याच संध्याकाळी स्वतः कळवली. साठा उडाला, हे त्यानंतरच्या ओळीत आलं.

खाली तिने एकटीची सही केली.

"हे लावतील का हो ते?"

"मला नाही वाटत," काका म्हणाले. "पण दे. नाही कसं म्हणतात ते माझ्या तोंडावर म्हणू देत."