धुतलेला अंतरपाट

विजयलक्ष्मीच्या लग्नाच्या तयारीसाठी पेटी उघडली, त्या दिवशी माझे काय गेले ते घरात सगळ्यांना कळले. मला ते सहा-सात महिन्यांपासून ठाऊक होते. पण मित्रांनो, कापडाला सांगता येत नाही.

मंगलाकाकूंनी मला पेटीतून काढले, झटकले आणि उजेडात धरले.

"अगो विजी, हा तर कोरा करकरीत! तुझ्या अण्णांनी नवा विणवून आणला वाटतं."

विजयलक्ष्मीने माझा काठ हातात घेतला. तांबडा काठ, त्यावर रुद्राक्षाची ओळ. "नवा नाही काकू. काठ तोच आहे," ती म्हणाली. मग तिने मला खिडकीशी नेले, चारही कोपरे पाहिले, उलटे करून पाहिले. आणि एकदम खाली बसली.

"अम्माची बोटं कुठं गेली?"

मी एक जुना अंतरपाट आहे. लग्नात वधूवरांच्या मध्ये धरतात ते कापड. कुंभकोणम्‌च्या विणकर आळीत एका सौराष्ट्री विणकराने मला विणले. माझे माप ऐकून तो हसला होता. "साडीला अपुरं, पंच्याला जास्त. सामी, हे नेसणार तरी कोण?" मला घ्यायला आलेले म्हातारे राव म्हणाले, "हे कुणी नेसत नाही बाबा. ह्याच्या आड उभं राहतात." विणकराला ते फारसे कळले नाही, पण सूत त्याने चांगले वापरले.

तंजावरच्या राज्याबरोबर आलेली ही मराठी घरे. इतक्या पिढ्यांत त्यांच्या लग्नातले पुष्कळ काही तमिळ झाले होते. नवरा छत्री घेऊन लटक्या काशीयात्रेला निघे, वधूवरांना झोपाळ्यावर बसवत, दारात नागस्वरम् वाजे. पण अंतरपाट कुणी सोडला नव्हता.

माझ्या आड पहिल्यांदा उभी राहिली ती पंकजा. पलीकडे होते जानकीराम राव, म्हाताऱ्या रावांचे थोरले चिरंजीव. मंगलाष्टके संपली, मला बाजूला सारले, दोघांनी एकमेकांना पाहिले. संध्याकाळी बायका आवराआवर करत होत्या तेव्हा पंकजाने कुंकवात अनामिका बुडवली आणि माझ्या एका कोपऱ्यात टेकवली.

"हे काय केलंस गो?" सासूबाईंनी विचारले.

"मी इथं उभी होते, त्याची खूण."

सासूबाई रागावतील असे वाटले होते. त्या हसल्या. तेव्हापासून त्या घरात रीत पडली, की जी मुलगी माझ्या आड उभी राहील तिने आपले बोट माझ्यावर उठवायचे.

पुढे पंकजा गावातल्या साऱ्या मराठी घरांची लग्ने उभी करू लागली. कुणाचे लग्न ठरले की लोक आधी तिच्याकडे येत. लग्नाचे छत्रम् कधी मोकळे आहे, कोणता आचारी गोडाला चांगला आणि कोणता नुसता बडबडीला, दारातल्या केळी कुणाच्या मळ्यातून आणायच्या, वेळेवर ताजी विड्याची पाने कोण देईल, हे सारे तिच्या तोंडी असे. ओसरीवर बसून बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत ती मोजत जाई आणि एकही गोष्ट विसरत नसे. आणि प्रत्येक लग्नात मी जाई. मी चोळपुरम्‌ला बैलगाडीतून गेलो, तिरुविसनल्लूरला कुणाच्या काखेतून गेलो. लग्न झाले की लोक मला नारळासकट परत आणून देत.

मला कधी पाणी लागले नाही. पंकजा मला सावलीत पसरी, वाळक्या कडुनिंबाच्या पाल्यात ठेवी. लग्नाआधी माझ्या मधला स्वस्तिक ती जुन्याच रेघांवरून बोटाने पुन्हा ओढी. तो तिने कधी पुसून नवा काढला नाही. कोपऱ्यांत मुलींची बोटे वाढत गेली. काही ठळक, काही फिकी, एक घाईत फरफटलेले. "ही गोमती," पंकजा सांगे, "हिला नवरा बघायची एवढी घाई, की बोट टेकायला धीर नव्हता!" सगळ्या हसत.

तिच्या स्वतःच्या बोटाशेजारी मात्र तिने जागा मोकळी ठेवली होती. कुणी नवरी तिकडे बोट नेऊ लागली की ती हात धरी.

"तिथं नको गो. ती जागा ठेवलेली आहे."

"कुणासाठी?"

"आमच्या घरी एक आहे. सध्या परकर फाडत झाडावर चढते."

जानकीराम रावांचे पितळी भांड्यांचे दुकान होते. लग्नांना मोठी भांडी तिथूनच भाड्याने जात. "लग्नं तू लावतेस," ते म्हणत, "आणि माझे हंडे काळे होऊन येतात."

"घासायला तुम्ही आहात की," पंकजा म्हणे. "तुमच्या हातून कधी काळं राहिलंय काही?"

ते खरे होते. चिंच आणि राख घेऊन ते बसले, की भांड्यावर डाग म्हणून उरत नसे. माणूस चांगला होता. पण लग्नघरी ते भांडी उतरवून ओसरीवर बसत. आत बायका माझ्यावर काय करतात हे त्यांनी कधी येऊन पाहिले नाही. विचारलेही नाही.

१९५४ साली ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात पंकजाला ताप आला आणि त्यातच ती गेली. विजयलक्ष्मीचे लग्न तिनेच ठरवून ठेवले होते. वडीलधारे म्हणाले, लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षे थांबा. जानकीराम राव म्हणाले, "तिनं ठरवलंय ते वर्षाच्या आत होईल."

तेराव्यानंतर त्यांनी सारे घर धुऊन काढले. भिंती धुतल्या, पितळ घासले. पंकजाची पेटी त्यांनी पहिल्यांदाच उघडली. मला उलगडले. त्यांना दिसले ते मळकट कापड आणि त्यावर तांबडे डाग. पोरीच्या लग्नात सुतकाच्या घरातले कापड असे कसे धरायचे? स्वस्तिक काय, नवा काढता येईल. विजयलक्ष्मी आतच होती. रडून रडून तिचा डोळा लागला होता. तिला उठवायला नको, असे त्यांना वाटले.

धोब्याने मला खाराच्या पाण्यात उकळले, नदीच्या दगडावर आपटले आणि वाळूवर उन्हात वाळवले. तरी रंग जाईना, तेव्हा पुन्हा उकळले. एकेक मुलगी निघून गेली. पंकजा शेवटी गेली. तिचे बोट सगळ्यांत जुने होते, सुतात मुरलेले होते.

"डाग फार हट्टी होते सामी," धोबी मला परत देताना म्हणाला. "पण एक ठेवला नाही."

"छान काम केलंस," जानकीराम राव म्हणाले. त्यांनी मला स्वतः घडी घालून, नवा कडुनिंबाचा पाला घालून पेटीत ठेवले. बायकोचे एक काम आपल्या हातून नीट झाले, असे त्यांना वाटले असावे.

म्हणून त्या दिवशी लेक खिडकीखाली बसलेली पाहिली तरी त्यांना काही कळले नाही. "स्वच्छ आहे की नाही?" त्यांनी विचारले.

मग मंगलाकाकूंनी, त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोने, हलक्या आवाजात त्यांना सगळे सांगितले. ती खूण, ती रीत, ती राखलेली जागा.

"मला कुणी सांगितलं नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी विचारलं नाही."

"मी आहे ना सवाष्ण," काकू म्हणाल्या. "मी काढते स्वस्तिक. ऊठ विजी."

"काढा काकू. स्वस्तिक तुम्हीच काढा," विजयलक्ष्मी म्हणाली. "पण मी बोट कुठं टेकू? अम्माशेजारी टेकायचं होतं."

जानकीराम राव खाली बसले. त्यांनी माझे कोपरे एकेक करून हातात घेतले. कुठल्या हंड्याला कुठे पोचा आहे हे ते अंधारात हात फिरवून सांगत. माझा एकही कोपरा त्यांना सांगता आला नाही. एका कोपऱ्यात धोब्याची बिब्ब्याची काळी खूण होती, तेवढीच त्यांना सापडली.

"ही तरी काढता येईल का?" त्यांनी विचारले.

"बिब्बा जात नाही अण्णा," काकू म्हणाल्या.

लग्न वैशाखात झाले. पंकजाने पेरांवर मोजून ठेवलेले बहुतेक सारे लोकांनी आठवून आठवून जमवले. केळी आल्या, नागस्वरम् वाजले, आचारी गोडाचाच आला. बायकोवाचून जानकीराम रावांना कन्यादानाला बसता येत नव्हते, ते धाकट्या भावाने आणि मंगलाकाकूंनी केले. माझे एक टोक विजयलक्ष्मीच्या मामांनी धरले. दुसरे जानकीराम रावांनी मागून घेतले. मध्ये काकूंनी काढलेला स्वस्तिक अजून ओला होता. त्यांच्या मुठीत बिब्ब्याचा कोपरा होता. मंगलाष्टके चालली असता सारे वधूवरांकडे पाहत होते. ते माझ्याकडे पाहत होते. पहिल्यांदाच.

पंकजाचे बोट त्याच कोपऱ्यात होते. त्यांना ते ठाऊक नव्हते.

संध्याकाळी विजयलक्ष्मी कुंकवात बोट बुडवून माझ्याजवळ बसली. एक कोपरा उचलला, ठेवला. दुसरा उचलला, ठेवला. "अम्मा कुठं होती ते आठवल्यावर टेकीन," ती म्हणाली आणि तिने बोट पदराला पुसले. दुसऱ्या दिवशी ती सासरी गेली.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूवर डाग दिसला, तर तो कुणाचा आहे ते आधी विचारा. विचारण्यासारखे माणूस झोपले असेल, तर उठेपर्यंत थांबा. जानकीराम राव आता कधी कधी पेटी उघडतात. मला उलगडतात, मांडीवर घेतात, पुन्हा घडी घालतात. मला ते धुवायला देत नाहीत.

विजयलक्ष्मी दोनदा माहेरी येऊन गेली. तिचे बोट माझ्यावर अजून उठलेले नाही.