ऐकू येणारं विमान

दुर्गाबाईंनी नवऱ्याच्या रिमोटवर उडणाऱ्या फोमच्या विमानाचं नाक ब्लेडनं कापलं आणि आतली विजेची मोटर ओढून काढली.

"सरळ कापलंस ना?" खुर्चीतून वेणीमाधवांनी विचारलं.

"बोट फिरवून बघा की."

त्यांनी बोट फिरवलं. काचबिंदूनं दृष्टी गेल्यापासून ते असंच पाहत. निवृत्तीनंतर दर रविवारी होटगीच्या माळावर विमान उडवणारा हा माणूस वर्षभर घराबाहेर पडला नव्हता. बॅटरीवरचं विमान जेमतेम गुणगुणायचं. जरा लांब गेलं, की त्यांच्या लेखी ते नसल्यासारखंच. "देऊन टाक कुणाला तरी," असं त्यांनी सांगितलं, तेव्हा आजवर त्या नादाला पोरखेळ म्हणत आलेल्या दुर्गाबाईंनी विचारलं, "मोठ्यानं ओरडणारं इंजिन नाही का बसत त्याला?"

माळावर त्यांच्यासोबत विमानं उडवणारा मित्र बिरप्पा याच्याकडं तेलावर चालणारं एक जुनं ग्लो इंजिन पडून होतं. ते त्यानं आणून दिलं. मग वेणीमाधव सांगत गेले आणि बाई करत गेल्या. कापलेल्या जागी प्लायवूडची फळी चिकटवली, तिच्यावर इंजिन आवळलं, मागं इंधनाची टाकी बसवली. तेल फोममध्ये मुरू नये म्हणून वरून इपॉक्सीचा हात दिला.

रविवारी माळावर बिरप्पानं प्लग तापवून पंख्याला काठीची टिचकी मारली. इंजिन फुरफुरलं, विझलं. वेणीमाधव ओठ घट्ट मिटून उभे होते. पुन्हा टिचकी बसली, आणि कर्कश सूर लागला. इंधनातल्या जळक्या एरंडेलाचा वास पसरला.

"सोडू का, सर?"

"सोड!"

विमान उडालं. वेणीमाधवांचा हात आपसूक वर गेला, बोट आवाजामागं फिरू लागलं. विमानाच्या किंचित मागं राहत होतं, पण चुकत नव्हतं. ते हसत होते. दुर्गाबाई विमानाकडं बघायचं सोडून त्यांच्याकडंच बघत राहिल्या.

मग इंधन संपलं. आवाज तुटला. बोट हवेतच अडकलं.

"पडलं?"

"न्हाय सर, तरंगतंय," हातात रिमोट धरलेला बिरप्पा विमानावरची नजर न काढता म्हणाला.

दुर्गाबाईंनी नवऱ्याचं मनगट धरलं. विमान घिरट्या घेत येईल तसा तो हात त्यांनी वळवला, हळूहळू खाली आणला. गवतात सळसळ झाली.

"उतरलं," त्या म्हणाल्या.

वेणीमाधव त्यांचा हात सोडेनात. म्हणाले, "हात थरथरत होता तुझा."

"मग? पहिल्यांदाच उतरवत होते."