ओरिजिनल दात

रेल्वेच्या डब्याचं चाक सूतभर जरी जास्त झिजलेलं दिसलं, तरी श्रीपाद ते बाद करायचा. हाताखालच्यांनी कितीही नाकदुऱ्या काढल्या तरी ऐकायचा नाही. ‘माणसं बसतात त्यात,’ एवढंच म्हणायचा, आणि विनीताला नवऱ्याचा त्याबद्दल खरोखर अभिमान होता. पण हाच माणूस लखनौच्या वृंदावन योजनेतल्या आपल्या घरी येऊन पन्नास वर्षं जुन्या मोटरसायकलसमोर उभा राहिला, की त्याची अक्कल कुठे गहाण पडायची ते देव जाणे.

गाडीची चेन ज्या दोन दातेरी चक्रांवरून फिरते, त्यांना लखनौत गरारी म्हणतात. श्रीपादच्या गाडीच्या दोन्ही गराऱ्यांचे दात झिजून मांजराच्या नखांसारखे वाकडे झाले होते. तरी बदलायची सोय नव्हती, कारण ते ‘ओरिजिनल’ होते. जुन्या गाड्यांच्या क्लबाचा तो सभासद. तिथे मूळच्या नटबोल्टालासुद्धा सोवळ्यात ठेवायचे. वर ‘उभी गाडी मरते’ असं म्हणून तो अनिकेतला, मुलाला, आठवड्यातून दोनदा त्याच गाडीवर चिनहटच्या कारखान्यात ट्रेनिंगला पाठवायचा. स्वतः मात्र ऑफिसच्या जीपने जायचा.

एका सकाळी शहीद पथावर चेन दातांवरून उतरली आणि चाकात अडकली. मागच्या ट्रकवाल्याने वेळेवर ब्रेक मारला म्हणून पोरगा नुसता गुडघा सोलून घरी आला.

“गाडीला काही झालं नाही ना?” श्रीपादने पहिलं हे विचारलं.

“पापा, गिरा मैं हूँ,” अनिकेत म्हणाला. त्याला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

श्रीपादने चेनवरचं झाकण उघडून पाहिलं आणि प्रेमाने दातांवरून बोट फिरवलं. “चेन बदलू. दात राहू देत. असे दात आता बनत नाहीत!”

“अहो, तुमच्या डब्याचं चाक असं असतं तर?”

“ते सरकारी आहे, विनीता. हे हेरिटेज आहे.”

विनीताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणून ती एरवी गप्प बसली असती, पण गुडघा मुलाचा होता. श्रीपाद इन्स्पेक्शनला गोंड्याला गेला, त्याच दिवशी तिने अनिकेतला आणि गाडीला घेऊन चिनहट गाठलं. तिथल्या मेकॅनिककडून चेन आणि दोन्ही गराऱ्या बदलून घेतल्या. चकाकी दिसू नये म्हणून वरून जळकं ऑइल फासायला लावलं आणि झाकण बंद केलं. नवऱ्याला तिने नुसती चेन बदलल्याचं सांगितलं. दातांचं कळलं तर तो जुने दात पुन्हा बसवल्याशिवाय राहणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मग क्लबाचं प्रदर्शन आलं. परीक्षक सुधीरजी भिंग घेऊन प्रत्येक गाडीपुढे ओणवे होत होते.

“ज़रा चेन-कवर खोलिए,” ते म्हणाले, आणि झाकण उघडताच भिंग दातांवर धरलं. “वाह! पचास साल, और दाँत देखिए! बिल्कुल ओरिजिनल!”

श्रीपादने वाकून पाहिलं. सरळसोट दात. त्याचा चेहरा उतरला, आणि त्याने मान वर करून थेट विनीताकडे बघितलं. आता चारचौघांत तमाशा होणार, असं तिला वाटलं. पण सुधीरजी तेवढ्यात म्हणाले, “पहला नंबर आपका.”

“सब देखभाल की बात है, सर,” श्रीपाद म्हणाला.

ट्रॉफी हातात आल्यावर तर त्याला कंठच फुटला. बँकेतला हर्षवर्धन आपल्या जुन्या गाडीवर बायकोला घेऊन आला होता. त्याच्या गराऱ्यांचे दात गेले होते, पुढच्या आठवड्यात तो त्या बदलणार होता.

“बदलू नकोस!” श्रीपादने त्याला बजावलं. “नुसतं तेल घालत जा. माझे बघ ना.”

“अच्छा? मग राहू देत,” हर्षवर्धन म्हणाला. त्याची बायको, देविका, मागे बसायला हेल्मेट चढवतच होती. विनीताला शहीद पथावरचा तो ट्रक आठवला आणि तिला राहवेना.

“हर्षवर्धन, ते दात नवे आहेत,” ती म्हणाली. “हे गोंड्याला गेले होते तेव्हा मी चिनहटला जाऊन बदलून घेतले.”

श्रीपाद मोठ्याने हसला. “अरे यार, ती मिक्सरचं सांगतेय. मिक्सर नेला होता तिने चिनहटला.”

सगळे खो खो हसले. “भाभीजी, तीस साल से यही देख रहा हूँ,” सुधीरजींनी तिची समजूत घातली. “ओरिजिनल तो ओरिजिनल होता है.”

एकटी देविका हसली नाही. तिने हेल्मेट काढून नवऱ्याच्या हातात दिलं. “तू ये गाडीवरून. मी काकूंबरोबर ऑटोने येते. आणि दात बदलेपर्यंत मी मागे बसणार नाही.”

घरी आल्यावर श्रीपादने ट्रॉफी टीव्हीशेजारी ठेवली, दार लावलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “जुने कुठे आहेत?”

“भंगारात दिले.”

“भंगारात! अगं, ओरिजिनल होते ते!”

“मग क्लबात जाऊन सांगा ना,” विनीता म्हणाली. “सांगा, माझे ओरिजिनल दात बायकोने भंगारात दिले. मी येते की साक्षीला.”

श्रीपादने एकदा ट्रॉफीकडे बघितलं, ती बाहीने पुसली आणि पुन्हा टीव्हीशेजारी ठेवली. सोमवारी अनिकेत गाडी घेऊन चिनहटला गेला आणि संध्याकाळी धड घरी आला.